आधी गालिक तुझ्यापाशी येऊ दे

"ताई, माझं माहेर साताऱ्याजवळचं. शिवाजी विद्यापीठातून गणित घेऊन बी.एस्सी. झाले, मग बी.एड. केलं आणि गावाजवळच्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये सहा वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. लग्नानंतर ग्लासगोला आले, त्याला नऊ वर्षं झाली. आता आमचा इथला मुक्काम कायमचा आहे. एवढ्या वर्षांत दुकानात काम केलं, एका ऑफिसात हिशेब लिहिले, पण वर्गात काही उभी राहिले नाही. मुलगी गॅलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेच्या, माध्यमाच्या शाळेत प्रायमरी थ्रीला आहे. तिच्यासोबत मी अ‍ॅपवर गॅलिक शिकायला लागले आणि तिचं सुटलं तरी माझं चालूच राहिलं. आता वाटतं, आपण गॅलिक शाळेत शिक्षिका व्हावं. शिक्षक मिळत नाहीत असं ऐकते, म्हणजे नोकरी लवकर लागेल ना? सासूबाई म्हणतात, 'लेकीला मराठी धड येईना आणि तू दुसऱ्यांची भाषा शिकवणार?' हे म्हणतात, टेस्टिंगचा कोर्स कर. आणि रात्री मलाच प्रश्न पडतो, की ती माणसं मला, एका मराठी बाईला, त्यांची भाषा शिकवू देतील का? छत्तीस वर्षांची आहे. उशीर झालाय का?"
— एक सातारकर, ग्लासगो

प्रिय सातारकर,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला 'तू'च म्हणते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी एडिंबरात राहते, इथल्या शाळांत बरीच वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर संध्याकाळच्या वर्गात गॅलिक शिकते आहे. त्यामुळे तुझा प्रश्न मला लांबचा वाटला नाही.

आधी उशिराचं. छत्तीस हे वय या कामाला अजिबात जास्त नाही. पण नोकरी लवकर लागेल का, याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते 'नाही' का हे तू नीट समजून घ्यावंस असं मला मनापासून वाटतं.

गॅलिक माध्यमाच्या शाळेत पहिली दोन-तीन वर्षं सगळं गॅलिकमधून चालतं. खेळ, गोष्टी, बेरीज-वजाबाकी, डबा उघडा, हात धुवा, सगळं. इंग्रजी लिहिणं-वाचणं त्यानंतर येतं. तुझ्या मुलीच्या वर्गातली बहुतेक मुलं तिच्यासारखीच असणार, म्हणजे घरी गॅलिक नाही. मग त्यांना ही भाषा कुठून मिळते? समोर उभ्या असलेल्या बाईंच्या तोंडून. आपल्याकडे बाईंचं मराठी चुकलं तरी मुलाचं मराठी आजी सुधारते, रिक्षावाला सुधारतो, गल्ली सुधारते. ग्लासगोतल्या त्या मुलांना तशी गल्ली नाही. तिथे बाईंची गॅलिक तीच मुलांची गॅलिक. बाईंनी एखादा शब्द वाकडा उच्चारला, तर तीस मुलं तो तसाच घेऊन मोठी होतात. जागा रिकामी आहे म्हणून कुणीही उभं राहावं, असं हे काम नाही.

तू स्वतः शिक्षिका आहेस, म्हणून एवढं स्पष्ट लिहिते.

आता दुसरी बाजू सांगते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू जाता जाता लिहून टाकली आहेस. तू मराठी माध्यमात गणित शिकवलंस. इथे माध्यमिक शाळेत गॅलिक हा विषय शिकवणारे मिळतात, त्यामानाने गॅलिकमधून गणित, विज्ञान, भूगोल शिकवणारे फार कमी मिळतात. प्राथमिकमध्ये संपूर्ण गॅलिकमधून शिकलेलं मूल पुढे हायस्कूलला गेलं, की विषयामागून विषय इंग्रजीकडे सरकतात, कारण तो विषय आणि ती भाषा दोन्ही येणारं माणूसच नसतं. आणि जिच्यातून गणित करता येत नाही ती भाषा मुलांना हळूहळू गाण्यांची आणि समारंभांची वाटायला लागते.

तुला हे मी काय सांगायचं! लसावि-मसावि, त्रिज्या, वर्गमूळ, समीकरण हे शब्द फळ्यावर लिहून तू सहा वर्षं मुलांना हिशेब करायला लावलास. आपल्या भाषेत सूत्र मांडताना मुलाचा चेहरा कसा उजळतो ते तू पाहिलं आहेस, आणि तेच मूल पुढे ज्युनिअर कॉलेजात 'रेडियस' ऐकून कसं गोंधळतं तेही. गॅलिक शाळांतल्या बाईंना रोज हाच तिढा सोडवायचा असतो. त्रिकोणाला गॅलिकमध्ये 'ट्रीअंतान' म्हणतात. त्यातला 'ट्री' म्हणजे तीन, आपल्या 'त्रि'चा सख्खा भाऊ. दोन्ही भाषा एकाच जुन्या कुळातल्या, म्हणून असे नातेवाईक अधूनमधून भेटत राहतात. नावाला ते 'एनेम' म्हणतात. विसाला 'फिखत'. आणि जुनी माणसं अजून विसांत मोजतात: साठ म्हणजे 'ट्री फिखत', तीन विसा. माझी आजी आंबे असेच मोजायची, तुझीही मोजत असेल. शाळेत मात्र मुलांना दहादहाच्या नव्या पद्धतीने 'शेस्कत' शिकवतात. म्हणजे बेटावरची आजी 'तीन विसा' म्हणते आणि नात 'साठ' म्हणते. गणिताच्या बाईंना दोन्ही यायला हवं, आणि दोन्हींची गंमत मुलांना सांगता यायला हवी. ती तू सांगशील, याची मला खात्री आहे.

म्हणून माझा सल्ला असा: प्राथमिकचा विचार मागे ठेव, माध्यमिक गणित धर. आणि रस्ता दोन टप्प्यांत चाल. आधी इथली गणिताची शिक्षिका हो, मग गॅलिकची.

पहिल्या टप्प्याचं दार म्हणजे जनरल टीचिंग कौन्सिल फॉर स्कॉटलंड. त्यांच्या नोंदणीशिवाय इथल्या सरकारी शाळेत शिक्षक म्हणून उभं राहता येत नाही. परदेशात शिक्षक झालेल्यांसाठी त्यांचा वेगळा अर्ज असतो. ते तुझी पदवी, बी.एड., त्यातले विषय आणि प्रत्यक्ष वर्गातला सराव तपासतात. कधी पूर्ण नोंदणी देतात, कधी अटी घालतात, कधी नाही म्हणतात. आपली तीन वर्षांची पदवी इथे कशी धरली जाते, हा यातला कळीचा मुद्दा आहे. त्याचं उत्तर ओळखीच्या कुणाच्या अनुभवावरून काढू नकोस. तुझे कागद, तुझे गुण, तुझा अर्ज, यांवरच ते ठरेल. नाही म्हणाले तर एक वर्षाचा पीजीडीई अभ्यासक्रम आहे, आपल्या बी.एड.सारखा. त्याला पदवीत गणिताचा पुरेसा भाग आणि इंग्रजीची ठरावीक पातळी लागते. तुमचं वास्तव्य कायमचं असल्यामुळे फी बाहेरच्या विद्यार्थ्यासारखी भरावी लागणार नाही अशी आशा आहे, पण ते 'सास'ला, म्हणजे विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्य देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेला, लेखी विचार. पीजीडीईनंतर शाळेत उमेदवारीचं वर्ष मिळण्याची हमीही त्या फीच्या दर्जाशी जोडलेली असते, म्हणून हा प्रश्न आधीच सोडवून टाक.

यात तुझ्या घरच्यांच्या शंकेचंही उत्तर आहे. यजमानांना सांग, की गॅलिक जमायला चार वर्षं लागोत की सहा, मधल्या काळात तू इथली गणिताची शिक्षिका असशील आणि घरात पगार येत असेल. गॅलिक माध्यमातल्या शिक्षकाची वेतनश्रेणी इंग्रजी माध्यमातल्या शिक्षकाचीच असते, कमी नाही. टेस्टिंगचा कोर्स वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण नऊ वर्षं वर्गाबाहेर राहून जी बाई अजून वर्गाची आठवण काढते, तिला मी दुसरीकडे पाठवणार नाही.

दुसरा टप्पा भाषेचा, आणि तो पहिल्याच्या आधीच सुरू व्हायला हवा. म्हणजे आजच.

अ‍ॅपने तुला गोडी लावली, त्याचं काम झालं. ड्युओलिंगोवर स्कॉटिश गॅलिक २०१९च्या नोव्हेंबरात आली आणि तुझ्यासारखी कितीतरी माणसं त्या दारातून आत आली. पण त्याच्यावर वर्ग चालवता येत नाही. २०२१पासून 'स्पीक गॅलिक' नावाचा टप्प्याटप्प्यांचा अभ्यासक्रम आहे, बीबीसी आल्बा या गॅलिक वाहिनीवर आणि आंतरजालावर. तो पहिल्यापासून पुन्हा कर, येतंय असं वाटलं तरी. त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा माणसांसमोर बसून शिकायचा वर्ग धर. ग्लासगोत विद्यापीठांचे संध्याकाळचे वर्ग असतात. आणि स्वयंपाक करताना रेडिओ नान गेयल हे गॅलिक रेडिओ केंद्र लाव. पहिले सहा महिने नुसता आवाज ऐकू येईल, मग एक दिवस हवामान कळेल.

त्यानंतर स्काय बेटावरचं साउल मोर ओस्टेक. 'साउल मोर' म्हणजे मोठं कोठार. १९७३मध्ये शेतावरच्या जुन्या इमारतींत हे महाविद्यालय सुरू झालं आणि आज उच्च शिक्षण गॅलिकमधून देणारी ती मोठी संस्था आहे. घरी बसून, दुरूनच शिक्षकांशी बोलत करायचा त्यांचा प्रवेश अभ्यासक्रम आहे, त्याच्यापुढचाही आहे. तुझ्यासारख्या घर-नोकरी-मूल सांभाळणाऱ्या बाईला हाच सोयीचा. ईस्टर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे आठवड्या-आठवड्याचे वर्ग भरतात. त्यातल्या एका आठवड्याला यंदाच जा. लेकीला आठ दिवस बाबांपाशी राहू दे. जेवणाच्या रांगेत, समुद्राकडे फिरायला जाताना, चहा ओतताना तिथे गॅलिक कानावर पडते, आणि तेव्हाच कळतं की आपल्याला ही भाषा हवी आहे की नुसती तिची कल्पना आवडली आहे. हे आधी कळलेलं चांगलं.

नोंदणी झालेल्या शिक्षकांना गॅलिक माध्यमाकडे वळवण्यासाठी विद्यापीठांनी खास अभ्यासक्रम चालवले आहेत. स्ट्रॅथक्लाइडचा एक वर्षभराचा, गॅलिकमध्ये बुडवून काढणारा अभ्यासक्रम त्यांतलाच. तुझ्या रस्त्याचं शेवटचं वळण मला तिथे दिसतं. पण तिथे मुळाक्षरांपासून कुणी शिकवणार नाही. बोलता येणारी भाषा घेऊन जायचं, गॅलिकमध्ये मुलाखत देण्याची तयारी ठेवायची. त्या वर्षी जागा किती, अनुदान मिळतं का, हे तेव्हा विचार. अनुदानासाठी इन्व्हरनेसच्या बोर्ड ना गालिककडे, म्हणजे गॅलिकच्या वाढीसाठीच्या सरकारी मंडळाकडेही, चौकशी कर.

आता रात्री पडणारा तो प्रश्न.

ती माणसं तुला शिकवू देतील का? तुझ्या रंगामुळे किंवा नावामुळे कुणी कधीच काही बोलणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. या देशात राहून तुला ते माहीत आहे. पण गॅलिक बोलणाऱ्यांच्या मनात शंका असली तर ती वेगळ्या जागेवरून येते, आणि ती तू समजून घ्यायला हवीस. १६१६मध्ये इथल्या राजसत्तेने गॅलिक उखडून टाकायची म्हणून गावोगाव इंग्रजी शाळा काढायचा हुकूम काढला. १८७२च्या शिक्षण कायद्यात या भाषेचं नावही नव्हतं. त्यानंतरच्या काळात शाळेत गॅलिक बोललं म्हणून मुलांच्या गळ्यात काठी अडकवल्याच्या आणि त्यांना मारल्याच्या आठवणी बेटांवरच्या घराघरांत आहेत. घरच्या भाषेपायी मार खाल्लेल्या मुलांनी मोठेपणी आपल्या मुलांशी इंग्रजी धरली. भाषा अशी गेली.

मग १९८५मध्ये ग्लासगो आणि इन्व्हरनेसच्या दोन शाळांत मिळून चोवीस मुलांनिशी गॅलिक माध्यमाचे वर्ग सुरू झाले. आज ती मुलं पाच हजारांवर आहेत, आणि त्यामागे पदरमोड करून, शिक्षण खात्याच्या दारात बसून राहिलेले आईबाप आहेत. २०२२च्या जनगणनेत थोडीफार गॅलिक येणारे १,३०,१६१ लोक निघाले, आधीपेक्षा खूप जास्त. पण त्याच जनगणनेत पश्चिमेकडच्या बेटांवर, जिथे ती गल्लीत बोलली जाते तिथे, बोलणारे पहिल्यांदाच निम्म्याहून कमी झाले. २०२५च्या कायद्याने गॅलिकला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला, तो आनंद खराच आहे. पण ल्युइस बेटावरच्या एखाद्या आजीला शहरातल्या शिकाऊंचं कौतुक ऐकून गलबलून येत असेल, की माझ्या शेजारणी गेल्या त्यांचं काय? तिच्यापुढे जाताना ही जाण घेऊन जा. तुझी चूक झाली की ती पटकन इंग्रजीवर येईल. त्यात तुझा अपमान नसतो, पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये ही तिची रीत आहे. तू हसून गॅलिकमध्येच पुढे बोल. तिसऱ्या भेटीला ती इंग्रजीवर येणार नाही.

आणि एक पाहा. 'तुम्हाला गॅलिक येते का?' हे त्या भाषेत कसं विचारतात? 'अ वेल गालिक आकिव?' शब्दशः, गालिक तुमच्यापाशी आहे का? उत्तर द्यायचं, 'हा गालिक आकम', आहे गालिक माझ्यापाशी. पुस्तक असो, बहीण असो, भाषा असो, सगळं माणसापाशी असतं. इंग्रज माणसाला हे शिकायला महिने लागतात. आपल्याला ते शिकवावं लागत नाही, कारण आपलंही पुस्तक आपल्यापाशीच असतं, आणि आपल्यालाही भूक 'लागते'. त्यांच्यात भूक माणसावर असते, 'हान ताख्क्रस ओरोम'. आदराचंही तसंच. बरोबरीच्याला 'ऊ', वडीलधाऱ्यांना 'शिव'. कुणाला तू म्हणायचं आणि कुणाला तुम्ही, हा पेच मराठी बाईला नवा नाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना 'शिव' म्हणताना तुझी जीभ अडखळणार नाही, आणि ते त्यांच्या लक्षात येईल.

उच्चाराला त्या भाषेत 'ब्लास' म्हणतात, म्हणजे चव. तुझ्या गॅलिकला थोडी साताऱ्याची चव राहील. राहू दे. व्याकरण आणि शब्द मात्र स्वच्छ हवेत. त्याबाबतीत मी तुला सवलत देणार नाही.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्याचा राग मानू नकोस, त्यांनी दुखऱ्या जागीच बोट ठेवलं आहे. मुलीचं मराठी हा खरा प्रश्न आहे, पण गॅलिकने तो निर्माण केलेला नाही. मराठी घरातलं मूल लंडनमध्ये निव्वळ इंग्रजी शाळेत गेलं तरी मराठी असंच निसटतं. मुलाला तीन भाषा जड होत नाहीत, प्रत्येक भाषेला आपलं माणूस आणि आपली वेळ मात्र लागते. म्हणून एक गोष्ट कडक पाळ: तू गॅलिक शिकतेस म्हणून घरात मुलीशी गॅलिक बोलू नकोस. तिला गॅलिक द्यायला शाळा आहे, मराठी द्यायला तूच आहेस. गृहपाठ घेताना तिने गॅलिकमध्ये वाचावं, तू मराठीत विचारावं, 'मग काय झालं?' ती गोष्ट मराठीत सांगेल, तोडकीमोडकी का होईना. आणि संध्याकाळच्या वर्गाला जाशील ती वेळ गोष्टीच्या वेळेतून काढू नकोस. त्या दिवशी सासूबाईंनी फोनवरून गोष्ट सांगावी. ज्यांना नातीच्या मराठीची काळजी आहे, त्यांच्याकडेच ते काम आपणहून जाऊ दे. माझा अंदाज आहे, त्या खूश होतील.

एक लहान गोष्ट राहिली. वर्गात परतण्याआधी इथल्या शाळेची सवय व्हावी म्हणून गॅलिक बालवाडीत किंवा शाळेत मदतनिसाचं काम मिळालं तर वर्षभर कर. मुलांसोबत काम करण्यासाठीची पोलीस-पडताळणी लागते, ती शाळाच सांगेल. पगार बेताचा असतो. पण 'जोडे घाल', 'रांगेत ये', 'कुणी ढकललं?' ही गॅलिक कुठल्याच अभ्यासक्रमात इतकी पक्की होत नाही. आणि तुझी माध्यमिकची मुलंसुद्धा दिवसातून दहा वेळा एकमेकांना ढकलतीलच.

तर या आठवड्यात काय करायचं? शिवाजी विद्यापीठाकडून गुणपत्रकं आणि ट्रान्सक्रिप्ट मागवायची, बी.एड.चीही, त्यात पाठ-सरावाचे तास लिहून हवेत. जुन्या हायस्कूलकडून अनुभवाचा दाखला, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह, कोणत्या इयत्ता आणि कोणता विषय हे स्पष्ट लिहिलेला. भावाला किंवा कुणाला तरी प्रत्यक्ष पाठव, फोनवर ही कामं होत नाहीत. आणि मेच्या सुट्टीआधी पाठव, नंतर शाळेच्या कार्यालयात कुणी भेटत नाही.

उद्या लेकीला शाळेत सोडशील तेव्हा फाटकाशी तिच्या बाई दिसल्या, की 'गुड मॉर्निंग' गिळून टाक आणि 'मातिन् वा' म्हण. त्या पुढे जे बोलतील त्यातलं किती कळलं, ते मला लिहून कळव.

तुझी,
ताई